डोलड्रम्स : आधी मन, की आधी समुद्र?

शब्दशोधिनी (धागाकर्ती)

नमस्कार. शिडाच्या जहाजांच्या काळातील एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. काम बरेच पुढे सरकले आहे, परंतु एका वाक्यापाशी मी गेले आठ दिवस थांबून आहे आणि म्हणून हा धागा काढला आहे. जहाज विषुववृत्ताजवळ पोचते, वारा नाहीसा होतो आणि अकरा दिवस ते जागचे हलत नाही. या प्रसंगाच्या आरंभी लेखक जे म्हणतो त्याचा शब्दशः आशय असा, की आमचे जहाज डोलड्रम्समध्ये शिरले त्याच्या कितीतरी आधी आमचा कप्तान तिथे जाऊन पोचला होता. या शब्दाचे इंग्रजीत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे विषुववृत्तालगतचा निर्वात पट्टा, आणि दुसरा म्हणजे मनाची अशी उदास, निरुत्साही अवस्था की जिच्यात माणसाला धड काही करावेसे वाटत नाही. संपूर्ण वाक्य या दोन अर्थांवर तोललेले आहे.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला तळटीपेचा. मी अशी टीप लिहिली आहे : 'डोलड्रम्स हे मूळचे सागरी प्रदेशाचे नाव असून तेथे अडकून पडलेल्या खलाशांच्या मनःस्थितीवरून त्याला उदासीनतेचा लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला.' ही व्युत्पत्ती मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ती पटण्यासारखीही आहे, परंतु छापण्यापूर्वी जाणकारांकडून तपासून घ्यावी असे वाटते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मराठीत असा एखादा शब्द किंवा वाक्प्रचार आहे का, जो जहाजालाही लागू पडेल आणि माणसाच्या मनालाही? 'शांत पट्टा' हा भूगोलाच्या पुस्तकातील शब्द मी वापरू शकत नाही, कारण शांत कप्तान म्हटले की अर्थ अगदी उलटा होतो.

खारा_वारा

शब्दशोधिनीताई, विषय फार आवडला. आमचे घर हर्णै बंदराजवळ असल्याने हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला त्यात आपली डोलकाठीच दिसली. जिच्यावर शीड चढवतात ती डोलकाठी. वारा पडला की शीड लोंबते, होडी पुढे जात नाही, नुसती लाटांवर डोलत राहते. आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी शतकानुशतके परदेशी जहाजांवर काम करीत आले आहेत, तेव्हा 'डोल' हा आपलाच शब्द त्यांच्यामार्फत इंग्रजीत गेला असेल का, याचाही कोशाच्या जाणकारांनी विचार करावा.

भूगोल_शिक्षक

मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, म्हणून प्रदेशाबद्दल थोडे सांगतो. शब्दाबद्दल इतर सांगतीलच.

विषुववृत्ताच्या आसपास, साधारणपणे 5° उत्तर ते 5° दक्षिण या अक्षांशांदरम्यान, सूर्यकिरण वर्षभर जवळजवळ लंबरूप पडतात. तिथली हवा तापते, प्रसरण पावते, हलकी होऊन वर जाते आणि पृष्ठभागावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. उत्तर गोलार्धातून ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धातून आग्नेयेकडून व्यापारी वारे या पट्ट्याकडे येतात. मात्र पट्ट्यात पोचल्यावर हवेची हालचाल आडवी न राहता उभी होते. आपण ज्याला वारा म्हणतो ती हवेची आडवी हालचाल असते आणि शिडाला तीच लागते. वर जाणाऱ्या हवेचा शिडाला काडीचाही उपयोग नाही. म्हणूनच या पट्ट्यात हवा अत्यंत चंचल असूनही जहाज मात्र हलत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'शांत पट्टा' या नावामुळे विद्यार्थ्यांना वाटते की तिथे निरभ्र आकाश आणि आरशासारखा समुद्र असतो. प्रत्यक्षात वर गेलेली बाष्पयुक्त हवा थंड होऊन प्रचंड ढग बनतात, दुपारनंतर गडगडाटासह मुसळधार पाऊस होतो, मधूनच कोणत्याही दिशेने वाऱ्याचा झोत येतो, शिडे घाईघाईने आवरावी लागतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा सारे थिजते. जुन्या काळी खलाशी शिडाचे कापड ताणून हे पावसाचे पाणी पिण्यासाठी साठवीत असत. शिवाय हा पट्टा एका जागी नसतो. सूर्याच्या मागोमाग तो उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकतो, आणि जुलै महिन्यात तर भारतावर येऊन 20° ते 25° उत्तर अक्षांशांपर्यंत पोचतो. ज्या पट्ट्याने अटलांटिकमध्ये जहाजे अडवली, त्याचेच भारतावरचे रूप आपल्याला मोसमी पाऊस देते. मला हा भाग शिकवताना दरवर्षी नव्याने आनंद होत असे.

कोशप्रेमी

शब्दशोधिनीताई, आपली तळटीप कृपया तशी छापू नका. ही व्युत्पत्ती सर्वत्र आढळते, अनेक चांगल्या पुस्तकांतही आढळते, पण शब्दाचा लेखी इतिहास पाहिला तर क्रम नेमका उलटा आहे. मन आधी आले, जहाज त्यानंतर, आणि नकाशावरचा प्रदेश सर्वांत शेवटी.

डोलड्रम्स हा शब्द उदास मनःस्थितीच्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी इंग्रजीत दिसतो. 1811 मधील लंडनच्या एका वृत्तपत्रात तो आहे, आणि तिथे बोलणारा माणूस समुद्रावर नाही. मी सध्या डोलड्रम्समध्ये आहे, बरा झालो की निरोप धाडीन, एवढेच तो म्हणतो. जवळपास त्याच काळात एकवचनी 'डोलड्रम' हा शब्द मंद, सुस्त, झोपाळू माणसासाठीही वापरलेला सापडतो. समुद्राशी संबंध पुढे येतो. 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायरनच्या 'द आयलंड' या काव्यात उंच कड्यावरून पाहणारा एक जण म्हणतो की मला ते जहाज डोलड्रम्समध्ये दिसले, कारण वारा अगदी हलका होता आणि दिशा बदलत होता. हे वाक्य बारकाईने पाहावे. इथेही डोलड्रम्स हे ठिकाण नाही. ती जहाजाची अवस्था आहे. कारण म्हणून वाऱ्याचे नाव घेतले आहे, अक्षांशाचे नाही. जहाजालाच जणू मरगळ आली आहे, असा तो प्रयोग आहे.

प्रदेशाचे नाव म्हणून हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी या अधिकाऱ्याने हजारो जहाजांच्या रोजनिश्या गोळा करून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे तयार केले आणि 1855 मध्ये 'द फिजिकल जिओग्राफी ऑफ द सी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात विषुववृत्तीय डोलड्रम्स हा पट्टा म्हणून येतो, आणि पुढे पाठ्यपुस्तकांतून तो जगभर पोचला.

आता कोणी विचारील की नाव नव्हते, तर त्या आधीच्या खलाशांना हा पट्टा ठाऊक नव्हता का? चांगलाच ठाऊक होता. एडमंड हॅली, ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे तेच, यांनी 1686 मध्ये व्यापारी वाऱ्यांवर निबंध लिहून सोबत नकाशा दिला. अटलांटिकमधील या भागाविषयी ते लिहितात की तो जणू कायमच्या निर्वाततेची शिक्षा भोगतो आहे, तिथे भयंकर मेघगर्जना होते, आणि पाऊस इतका वारंवार पडतो की आमचे नाविक त्या भागालाच 'रेन्स', म्हणजे पाऊस, असे म्हणतात. म्हणजे ज्या काळात जहाजे खरोखर वाऱ्यावर अवलंबून होती, त्या काळातील इंग्रज खलाशांनी या प्रदेशाला नाव दिले ते पावसाचे. उदासपणाचे नाव त्याला नंतर चिकटले.

शब्दाच्या घडणीबद्दल कोशकारांचा कल असा आहे की मुळाशी 'डल' हा शब्द असावा. डल म्हणजे निस्तेज, मंद, आणि जुन्या इंग्रजीत मूर्ख असाही अर्थ होता. मूर्खाला इंग्रजीत डोल्ट म्हणतात, तोही याच कुळातला मानला जातो. शेवटचा तुकडा 'टॅन्ट्रम' सारख्या शब्दाच्या धर्तीवर जोडला गेला असावा. खारा_वारा, त्यामुळे आपल्या डोलकाठीशी असलेले साम्य केवळ उच्चाराचे आहे, हे मला खेदाने सांगावे लागते. इंग्रजीत 'डोल' हा सुटा भाग आधी आला आणि त्यावरून डोलड्रम्स झाले, असा कोणताही दुवा लेखी पुराव्यात मिळत नाही. भारतीय खलाशांचे शब्द इंग्रजीत गेले आहेत हे अगदी खरे, 'डिंगी' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, पण हा त्यांपैकी नव्हे.

खारा_वारा

आभारी आहे. डोलकाठीचा हट्ट सोडला.

शब्दशोधिनी

कोशप्रेमीजी, आपण मला एका ठळक चुकीतून वाचवलेत. आता मला त्या वाक्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलावी लागेल, कारण जहाजाच्या आधी कप्तान तिथे पोचला हे लेखकाने चमत्कृतीसाठी लिहिले असले, तरी शब्दाच्या बाबतीत ते अक्षरशः घडले आहे. एक शंका मात्र राहते. मनाच्या अवस्थेचे नाव समुद्राच्या तुकड्याला इतक्या सहज कसे चिकटले? सामान्यतः आपण ठिकाणावरून अवस्थेकडे जातो, जसे 'पानिपत झाले' असे म्हणतो. अवस्थेवरून ठिकाणाकडे जाण्याची उदाहरणे मला चटकन आठवत नाहीत.

कोशप्रेमी

याचे उत्तर बहुधा इंग्रजी वाक्यरचनेत आहे. 'इन द डोलड्रम्स' हा प्रयोग ऐकणाऱ्याला स्थळवाचक वाटू शकतो. 'मध्ये' आहे, निश्चितता दाखवणारे उपपद आहे आणि शब्द अनेकवचनी आहे, ज्याप्रमाणे पर्वतरांगांची किंवा बेटांच्या समूहांची नावे असतात. विषुववृत्ताजवळून आलेला खलाशी म्हणाला की आम्ही तीन आठवडे डोलड्रम्समध्ये होतो, तर त्याला 'आमची गती खुंटली होती' एवढेच म्हणायचे असेल, पण ऐकणाऱ्याने ते एखाद्या प्रदेशाचे नाव समजून घेतले. पुरेशा लोकांनी तसे समजून घेतले की ते नाव होते. ऑक्सफर्डच्या कोशाचाही अंदाज असाच आहे की अवस्था दाखवणाऱ्या प्रयोगाचा स्थळ म्हणून गैरसमज झाला.

अनेकवचनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मला त्याचे फार कुतूहल आहे. इंग्रजीत मनाच्या बिघडलेल्या अवस्थांची नावे वारंवार अनेकवचनी असतात : डम्प्स, ब्लूज, डोलड्रम्स. आपल्याकडेही काही अवस्था अनेकवचनातच राहतात. हाल एकट्याचे झाले तरी 'झाले'च. डोहाळे लागतात, वेध लागतात. एकच हाल किंवा एकच वेध असे कोणी म्हणत नाही. मनाची किंवा शरीराची जी अवस्था पुन्हा पुन्हा येते आणि जिचे टोक सापडत नाही, तिला एकवचन पुरत नसावे, असे मला वाटते.

आणखी एक सावधगिरी. डोलड्रम्सच्या जोडीने पाठ्यपुस्तकात 'अश्व अक्षांश' येतात, साधारण 30° अक्षांशांजवळचे जास्त दाबाचे पट्टे. तिथे वारा पडल्यावर पाणी वाचवण्यासाठी घोडे समुद्रात टाकत, अशी कथा सांगितली जाते. त्या नावाची इतरही स्पष्टीकरणे आहेत, त्यांतील एक तर खलाशांच्या आगाऊ पगाराशी जोडलेले आहे. तेव्हा आपल्या अनुवादात पुढे तो शब्द आला, तर घोड्यांची कथा निश्चित सत्य म्हणून देऊ नये.

मांडवीकाठ

मी गोव्यातून लिहीत आहे. शब्द इंग्रजांचा असला तरी त्यामागचा अनुभव आमच्या किनाऱ्याने फार जवळून पाहिला आहे. पोर्तुगीज नाविक वारा पडलेल्या समुद्राला 'कालमारिया' म्हणत. लिस्बनहून निघालेली जहाजे गिनीच्या आखातातील निर्वात पाणी टाळण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्याने न जाता अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठा वळसा घेत. वास्को द गामाने 1497 मध्ये असाच वळसा घेतला, आणि 1500 मध्ये भारताकडे निघालेला काब्राल असाच पश्चिमेला जात जात ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला.

परंतु मला सांगायचे आहे ते परतीच्या प्रवासाबद्दल. येताना गामाच्या ताफ्याने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मालिंदी बंदर 24 एप्रिल 1498 रोजी सोडले आणि 18 मे रोजी त्यांना मलबारची भूमी दिसली. मोसमी वारा पाठीशी होता आणि वाट जाणणारा वाटाड्या सोबत होता. परतताना ते 5 ऑक्टोबर 1498 रोजी अंजदीव बेटावरून निघाले. हे बेट कारवारजवळ आहे, पण आजही गोव्यात मोडते. तोच अरबी समुद्र ओलांडायला त्यांना या वेळी तीन महिन्यांना तीन दिवस कमी एवढा काळ लागला. ताफ्यातील एकाने ठेवलेल्या रोजनिशीत कारण स्पष्ट दिले आहे : वारंवार पडणारा वारा आणि तोही आला तर समोरून येणारा. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, हातपाय सुजले, तीस माणसे वाटेतच मेली, आणि प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जण उरले. मालिंदी सोडल्यावर काही दिवसांतच तीनपैकी एक जहाज त्यांना जाळून टाकावे लागले, कारण ते चालवायला माणसेच नव्हती.

मी लहान असताना अंजदीवचे नाव फक्त किल्ल्यामुळे आणि चर्चमुळे ऐकले होते. हा मजकूर वाचल्यावर त्या बेटाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. अशा प्रवासात खलाशाचे मन आणि शीड वेगळे करून सांगता आले असते का, याची मला शंका आहे. त्यामुळे शब्दाचा क्रम काहीही असो, ते दोन अर्थ एकमेकांना भेटणारच होते.

भूगोल_शिक्षक

मांडवीकाठ यांनी फार मोलाची माहिती दिली. फक्त एक भेद नोंदवतो. गामाला परतताना अडवणारी शांतता विषुववृत्तीय पट्ट्याची नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती. ऑक्टोबरच्या आरंभी नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेत असतात आणि ईशान्य मोसमी वारे अजून स्थिरावलेले नसतात. या संधिकाळात अरबी समुद्रावर धड कोणताच वारा नसतो. महाराष्ट्रात आपण ज्याला 'ऑक्टोबर हीट' म्हणतो, घामाने अंग चिकट होते आणि झाडाचे पान हलत नाही, ती याच काळाची जमिनीवरची बाजू. आपल्याकडचे आणि अरबस्तानातले अनुभवी नाविक या काळात निघत नसत, वारा बसण्याची वाट पाहत. गामाला थांबायचे नव्हते आणि त्याची किंमत त्याच्या माणसांनी दिली.

खरा विषुववृत्तीय अनुभव हवा असेल तर त्याच वर्षी, जुलै 1498 मध्ये, कोलंबसाला तिसऱ्या सफरीत तो आला. अटलांटिकमध्ये आठ दिवस वारा नव्हता, आणि उष्मा एवढा की तळघरात जाऊन पिंपे सांभाळायला कोणी धजेना.

वैदर्भी

मी समुद्रापासून शेकडो मैल दूर, नागपुरात वाढले, त्यामुळे जहाजाबद्दल मला काही सांगता येणार नाही. परंतु धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कोशप्रेमींच्या प्रतिसादातच सापडले आहे असे वाटते. शब्दाच्या मुळाशी जर 'डल' असेल, तर आपल्याकडे त्याच वाटेने गेलेला शब्द 'मंद' हा आहे. मंद म्हणजे कमी बुद्धीचा, म्हणून मंदबुद्धी. मंद म्हणजे हळू वाहणारा, म्हणून मंद वारा. आणि बाजाराची गती खुंटली की मंदी. इंग्रजीतही डोलड्रम्सचा तिसरा अर्थ हाच आहे, व्यापार डोलड्रम्समध्ये आहे असे तिथली वृत्तपत्रे नित्य लिहितात. सुस्त माणूस, पडलेला वारा, थंडावलेला बाजार, या तीनही ठिकाणी दोन्ही भाषा एकमेकींशी काहीही संबंध न ठेवता एकाच शब्दाच्या आधाराने पोचल्या. मला हे फार सुंदर वाटते.

अर्थात 'मंद' मध्ये उदासपणा नाही. मंद वारा तर आपल्याकडे सुखाचा मानला जातो, मंद सुगंध, मंद स्मित, सगळे हवेहवेसे. तिथे 'मरगळ' अधिक जवळचा आहे. मनाला मरगळ येते, माणूस मरगळतो, आणि बाजारातही मरगळ असते. मरगळ ही दुःखापेक्षा वेगळी आहे. दुःखाला कारण असते, मरगळीला बऱ्याचदा नसते. नेमका हाच रंग डोलड्रम्समध्ये आहे. 'नैराश्य' हा शब्द मात्र इथे कटाक्षाने टाळावा असे मी सुचवीन. तो आता वैद्यकीय अर्थाने रूढ झाला आहे, आणि ज्याच्यावर उपचार करावे लागतात असा आजार आणि चार दिवसांत निघून जाणारी मरगळ यांची सरमिसळ अनुवादात होऊ नये.

प्राजक्त

'शांत कप्तान म्हटले की अर्थ उलटा होतो' हे धागाकर्तीचे वाक्य माझ्या मनात राहिले. गीतेच्या सहाव्या अध्यायातील एकोणिसाव्या श्लोकात योग्याच्या चित्ताला 'निवातस्थ' दिव्याची उपमा दिली आहे. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसे संयत चित्त. म्हणजे आपल्या परंपरेत निर्वातपणा हे मनाच्या सर्वोच्च अवस्थेचे चित्र आहे. दिव्याला वारा नको असतो आणि शिडाला हवा असतो. दिव्याजवळ बसून विचार करणाऱ्याच्या आणि शिडाखाली बसून वाट पाहणाऱ्याच्या भाषेत हा फरक पडणारच. त्यामुळे वारा नाही एवढेच सांगून मराठी वाचकाच्या मनात उदासी उभी राहणार नाही, ती वेगळ्या शब्दाने आणावी लागेल.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. आता इंजिनामुळे आम्ही हा पट्टा एक-दोन दिवसांत ओलांडून जातो आणि कित्येकदा तो केव्हा गेला हे पावसावरूनच कळते. तरीही एक दृश्य विसरता येत नाही. पाणी तेलासारखे जाड आणि गुळगुळीत दिसते, क्षितिजाची रेघ पुसली जाते, आणि खालून मात्र दूरच्या वादळाची लांब, संथ लाट येतच राहते. शिडाच्या जहाजाला हीच लाट सर्वांत त्रासदायक होत असणार, कारण वारा नसताना शिडांचा आधार नाहीसा होतो आणि जहाज जागच्या जागी या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. काठ्या, दोर, कापड यांची झीज चालूच, आणि अंतर मात्र शून्य.

आजही शिडावर जगप्रदक्षिणा करणाऱ्यांना हा पट्टा चुकत नाही. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये भारतीयाने एकट्याने केलेली पहिली शिडाची जगप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि 'तारिणी'वरच्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्यातून निघून 21 मे 2018 रोजी परत येत 21,600 सागरी मैल पार केले. जगप्रदक्षिणेत वळसा घालावा लागतो ती लूविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरे दक्षिण गोलार्धात असल्यामुळे भारतातून निघालेल्या नौकेला हा पट्टा जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा ओलांडावाच लागतो. वादळात निदान काम असते, दोर ओढायचा असतो, सुकाणू धरायचे असते. वारा नसताना करण्यासारखे काहीच नसते. धागाकर्तीच्या कप्तानाला मी समजू शकतो.

शब्दशोधिनी

सर्वांचे मनापासून आभार. वैदर्भीताईंचा 'मरगळ' घेऊन मी असा प्रयत्न केला आहे : 'समुद्राला मरगळ आली त्याच्या कितीतरी आधी ती आमच्या कप्तानाला आली होती.' अर्थ बरोबर आहे, पण वाक्यात जहाज दिसत नाही आणि वारा तर नाहीच. प्राजक्त यांनी म्हटल्याप्रमाणे वाऱ्याचा अभाव आणि मनाची अवस्था या दोन्हींना धरून ठेवणारे क्रियापद हवे आहे. आपल्याला हे वाक्य कसे वाटते?

खारा_वारा

वाक्य चांगले आहे, पण आमच्याकडे समुद्राला मरगळ आली असे कोणी म्हणणार नाही. आम्ही 'वारा पडला' म्हणतो. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, होड्या बाहेर जात आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये थोडा वेळ असा जातो की काहीच हलत नाही. आजोबा त्या वेळेबद्दल सांगताना म्हणत, 'वारा पडलो, होडी पडून रवली.' इंजिने आल्यावर त्या वेळेचे महत्त्व संपले, पण शब्द अजून आहे.

आणि हे 'पडणे' मोठे चमत्कारिक आहे. पाऊस पडतो म्हणजे येतो, आणि वारा पडतो म्हणजे जातो. भूगोल_शिक्षकांनी वर्णन केलेल्या त्या पट्ट्यात तर दोन्ही पडतात. चेहरा पडतो, भाव पडतात, आणि काम न करता माणूस दिवसभर पडून राहतो. वैदर्भीताईंनी 'मंद'च्या बाबतीत सांगितलेले तीनही अर्थ इथे आहेत, आणि उदासपणाही आहे.

वैदर्भी

हे माझ्या सूचनेपेक्षा कितीतरी चांगले आहे. फक्त 'चेहरा पडणे' घेऊ नये, कारण चेहरा एखाद्या बातमीने क्षणात पडतो आणि क्षणात सावरतो. कप्तानाची अवस्था लांबलेली आहे. 'पडून राहणे' मध्ये तो लांबलेला काळ आहे.

कोशप्रेमी

सहमत आहे. शिवाय अवस्थेचे क्रियापद वापरल्याने 1823 च्या कवितेतील जुना प्रयोगही जपला जातो, जिथे डोलड्रम्स हे ठिकाण नव्हते.

शब्दशोधिनी

खारा_वारा, हे वाक्य आपले आणि आपल्या आजोबांचे आहे. व्युत्पत्तीची तळटीप मी काढून टाकली आहे, आणि भूगोल_शिक्षकांच्या प्रतिसादावरून पट्ट्याच्या पावसाबद्दल दोन ओळींची नवी टीप घातली आहे, म्हणजे पुढच्याच पानावर खलाशी शिडाच्या कापडात पाणी साठवतात ते वाचकाला अनपेक्षित वाटणार नाही. हस्तलिखितात आता असे आहे :

'वारा पडला, आणि जहाज अकरा दिवस पडून राहिले. आमच्या कप्तानाचे मन मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तसेच पडून होते.'